बेंकेईची रडायची जागा

बाकाच्या कडेवर नडगी आपटली की डोळ्यांत टचकन पाणी येतं. कितीही दांडगा गडी असो, ‘आई गं’ म्हणतोच! जपानी भाषेत नडगीला एक गमतीदार नाव आहे, ‘बेंकेई नो नाकिदोकोरो’. म्हणजे बेंकेईची रडायची जागा. इथे लागलं तर बेंकेईसुद्धा रडेल, असा त्याचा भाव.

कोण हा बेंकेई? मुसाशिबो बेंकेई हा बाराव्या शतकातला लढवय्या बौद्ध भिक्षू, सेनापती मिनामोतो योशित्सुनेचा सोबती. योशित्सुनेने ११८५ मध्ये ताइरा घराण्याचा पाडाव केला. पण पुढे सावत्र थोरला भाऊ योरितोमोच त्याच्यावर उलटला. ११८९ मध्ये उत्तरेत, कोरोमोगावा इथे योशित्सुनेचा शेवट झाला.

‘आझुमा कागामी’ या जुन्या इतिहासग्रंथात बेंकेईचं नाव जेमतेम येतं. क्योतोत ९९९ तलवारी हिसकावून घेणं, हजारावीच्या वेळी कोवळ्या योशित्सुनेकडून हरणं, धन्याच्या दारात अंगभर बाण झेलून उभ्या उभ्या प्राण सोडणं, ही सगळी नंतरच्या कथांची भर.

मग काहीजण म्हणतील, ‘म्हणजे खोटंच की सगळं!’ मला हे पटत नाही. पुरावा मागायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण लोक एखाद्याची गोष्ट शतकानुशतकं सांगतात, तेव्हा आपल्याला कसा माणूस हवा आहे हेही ते सांगत असतात.

त्यासाठी आताका नाक्याची गोष्ट बघा. योशित्सुने आणि त्याची माणसं डोंगरी साधूंच्या वेषात पळताहेत. नाकेदार तोगाशी अडवतो. बेंकेई म्हणतो, आम्ही नारातल्या तोदाइजी मंदिरासाठी वर्गणी गोळा करतोय. वर्गणीचं पत्र वाचायला सांगितल्यावर तो भलतीच गुंडाळी उघडतो आणि मनानेच खणखणीत वाचतो! तरीही हमालाच्या वेषातल्या योशित्सुनेवर संशय येतो. तेव्हा बेंकेई काठी उचलतो आणि आपल्याच धन्याला झोडपतो. त्या काळी सेवकाने धन्यावर हात उगारणं म्हणजे महापाप. तोगाशी सगळं ओळखतो, तरी त्यांना जाऊ देतो. नाका ओलांडल्यावर बेंकेई धन्यापुढे रडतो. आयुष्यात पहिल्यांदाच.

या प्रसंगावर आधी ‘आताका’ हे नो नाटक झालं. १८४० मध्ये ‘कांजिंचो’ हे काबुकी नाटक रंगमंचावर आलं आणि ते आजही होतं. अकिरा कुरोसावाने १९४५ मध्ये त्यावर सिनेमा केला. तो प्रदर्शित व्हायला मात्र १९५२ उजाडलं.

तलवारी हिसकावणारे दांडगे इतिहासात पैशाला पासरी. बेंकेई टिकला तो त्या काठीमुळे आणि त्या रडण्यामुळे, असं माझं मत आहे. निष्ठेचे नियम पाळणं त्याला सोपं होतं. धनी वाचावा म्हणून त्याने तोच नियम मोडला, आणि मोडल्याचं दुःखही लपवलं नाही. शिवाय तो हरलेल्या बाजूचा. जिंकलेल्या योरितोमोने राज्य उभारलं, पण लोकांची माया हरलेल्यांकडे गेली.

आपल्याला मात्र शूर माणूस दगडी लागतो. तो रडला असं कुणी म्हटलं, तर आपल्याला त्याचा अपमान वाटतो. जपानी लोकांनी आपल्या सगळ्यात दांडग्या माणसाचं नाव शरीरातल्या सगळ्यात हळव्या जागेला दिलं, आणि त्याने बेंकेई तसूभरही लहान झाला नाही.

पुढच्या वेळी नडगी आपटली तर खुशाल रडा. बेंकेईसुद्धा रडला असता.