हौदाचे पाणी आणि काचेतले पाणी

गेली तीन-चार वर्षे रमजान ईद मार्च-एप्रिलमध्ये येते आहे. ईदी हातात पडली की घराघरांतली मुले काय काय मागतात ते आपण जाणतोच, आणि त्यात हल्ली काचेच्या टाकीतले मासेही आले. टाकी घरी येते, त्याच दिवशी पाणी भरले जाते, त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे सोडले जातात. आठवड्याभरात निम्मे मासे मरतात आणि मुले रडतात. मासाच नाजूक होता, असे मग सगळे म्हणतात. आमच्या मते बहुतेक वेळा मासा नाजूक नसतो, पाणी कच्चे असते.

औरंगाबादची पाणचक्की पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या त्या हौदात मासे सुखाने फिरतात आणि तिथे कसला फिल्टर नाही. पण ते पाणी हर्सूलकडून मातीच्या नळांतून येते, उंचावरून पडते, त्यात हवा मिसळते, आणि हौदही मोठा. हनफी फिकहमध्ये 'दह दर दह', म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदाला मोठे पाणी मानले आहे. थोड्या घाणीने ते नापाक होत नाही, लहान भांड्यातले होते. तो मसला तहारतीचा आहे, माशांचा नाही. तरी मोठ्या आणि लहान पाण्यातला फरक आपल्याला त्यावरून चटकन कळतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी 56 लिटरच पाणी मावते.

या लहान पाण्यात माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि मासे मात्र वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरे बरेचसे निरुपद्रवी. फिल्टरचे खरे काम कचरा गाळणे नसून या जिवाणूंना राहायला घर देणे हे आहे. ते घर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ईदीच्या उत्साहात एवढा सब्र मुलांना जड जातो हे कबूल, पण हेच आठवडे टाळले की मासे मरतात.

पहिल्या टाकीला महागडा फिल्टर नको. हवेच्या लहान मोटरवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. मोटर पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावी, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन मोटर जळते. फिल्टर चोवीस तास चालू हवा. रात्री आवाज येतो म्हणून बंद करू नये. मासे आणण्याआधी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचे पिळलेले मळके पाणी मागून आणावे. ते आपल्या टाकीत घातले की काम बरेच लवकर होते. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे. पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. नळाखाली चोळून धुतला तर क्लोरीनने महिन्याभराची मेहनत पाच मिनिटांत जाते.

आता आपल्या जिल्ह्याच्या पाण्याचे. यवतमाळ शहरात निळोणा, चापडोहचे नळाचे पाणी असो की टँकरचे, त्यात ब्लिचिंग पावडर असते. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे थेंब घालावेत. गावोगावचे बोअरचे पाणी बहुधा जड, क्षारांचे. केळापूर, झरी-जामणी भागात काही ठिकाणी फ्लोराइडही जास्त आहे. तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलेले पाणी टाकीतही घालू नये. निव्वळ आरओचे पाणीही नको, कारण त्यात माशांना लागणारे क्षारच राहत नाहीत.

जड पाणी ही मात्र तक्रारीची गोष्ट नाही. गप्पी, मॉली आणि प्लॅटी या माशांना तेच मानवते. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांचा हट्ट धरण्यापेक्षा आपल्या नळाला जे येते त्यात जगणारा मासा घ्यावा. फक्त एक ध्यानात ठेवावे की जड, अल्कधर्मी पाण्यात आणि उन्हाळ्यात अमोनिया जास्त घातक होतो, म्हणून आपल्याकडे घाई अधिकच महाग पडते.

दोन फुटी टाकीत आधी तीन-चार गप्पी, दोन आठवड्यांनी आणखी तीन-चार. सगळे नरच घ्यावेत. मादी आली की महिन्या-महिन्याला पिल्ले होतात आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहतो. गोल बरणीतला गोल्डफिश आम्हाला मुळीच मान्य नाही. तो वीतभर वाढतो, दहा वर्षे जगू शकतो आणि त्याला थंड पाणी लागते. दुकानात बोटभर लांबीचा 'शार्क' मिळतो, तो खरा पंगस. तीन-चार फूट होतो. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकरही फूटभराहून मोठा होतो. टाकीत मावेनासा झाला म्हणून त्याला तलावात सोडण्याचा परिणाम उजनी धरणाचे मच्छीमार आज भोगत आहेत. निळोणा किंवा पूस धरणात तसे कुणी करू नये. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्यावा.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. मोटर तीन ते पाच वॅटचीच असते, ती इन्व्हर्टरवर घ्यावी. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर मगाने पाणी काढून उंचावरून परत टाकावे. मुले हे काम आनंदाने करतात. वाफेने पाणी उतरले की क्षार मागे उरतात, म्हणून तेवढी तूट आरओच्या पाण्याने भरावी. आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदलायचे ते नेहमीच्या पाण्याने. 2018 चा उन्हाळा ज्यांनी टँकरमागे धावत काढला त्यांना हा इसराफ वाटेल. पण काढलेले पाणी खतासारखे असते, ते मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घालावे.

प्राणी पाळणे जायज आहे का, असेही विचारले जाते. लहानग्या अबू उमैरकडे एक चिमणीएवढा पक्षी होता आणि रसूलुल्लाह (स.) त्याची प्रेमाने विचारपूस करत, हे हदीसमध्ये आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण मुलांना सांगतो. मांजर निदान ओरडते तरी. मासा ओरडत नाही, म्हणून त्याच्याकडे रोज पाहणे हे घरातल्या एकाचे नेमून दिलेले काम असावे. फजरनंतर दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, आणि बस. लग्नाला दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचे असेल तर शेजाऱ्यांकडे डबा देऊन जाऊ नये. मोठे, धडधाकट गप्पी तेवढे दिवस खाण्यावाचून सहज काढतात. शेजारी मायेने मूठभर टाकतात, आणि त्या कुजलेल्या खाण्याने मासे जातात.