डाव संपायलाच हवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेळगावातल्या एका वाचनालयात पालकांसाठी व्याख्यान झाले. विषय ठरलेलाच : मुले आणि मोबाइल. वक्ते म्हणाले, ''व्हिडिओ गेमने आमच्या मुलांची मराठी खाल्ली.'' टाळ्या पडल्या. मीही सवयीने वाजवल्या आणि घरी येताना माझी मलाच लाज वाटली. कारण मी स्वतः व्हिडिओ गेम खेळत वाढलो आणि माझी मराठी कुणी खाल्ली नाही. उलट मला जी काही मोडकीतोडकी कन्नड येते, ती मी शाळेत कमी आणि गेमच्या दुकानात जास्त शिकलो.

१९८८-८९ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेजारच्या गल्लीत एका अंधाऱ्या गाळ्यात दोन मोठ्या लाकडी पेट्या उभ्या होत्या. एका नाण्याला एक डाव. खेळणारा एक आणि मागे उभे आठ. त्यांत मराठी शाळेतले, कन्नड शाळेतले, उर्दू शाळेतले, सगळेच. पडद्यावर भाषा जवळजवळ नव्हतीच. शेवटी 'गेम ओव्हर' ही दोन अक्षरे उमटली की मागून एक ओरडे, ''मुगीतु!'' आणि दुसरा, ''संपला की रे, सर बाजूला!'' बाहेर सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेले असायचे. आत मात्र भांडण एकच, पुढची पाळी कुणाची!

पण म्हणून 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. त्या पेट्या म्हणजे काही संस्कार वर्ग नव्हते. धंदाच होता तो. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ कॅलिफोर्नियातल्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवला. काही दिवसांत यंत्र बंद पडले. उघडून पाहतात तो नाण्यांचा डबा काठोकाठ भरलेला! पुढे काही खेळांत तर हरल्यावर पडद्यावर दहा, नऊ, आठ असे आकडे उलटे पडू लागत, की तेवढ्यात दुसरे नाणे टाका आणि तिथूनच पुढे खेळा. आईने भाजीला दिलेल्या पैशांतले नाणे मीही त्या खाचेत टाकले आहे आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे.

मग फरक कशात? माझे म्हणणे असे की, फरक चांगुलपणात नाही, हिशेबात आहे. त्या दुकानदाराला मी लवकर हरायला हवा होतो, कारण माझ्या मागच्याचे नाणे त्याची वाट पाहत होते. म्हणून खेळ करणाऱ्यांनी तो संपेल असाच केला. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यात शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने अंगावर येतात. मुळात ही यंत्राची मर्यादा होती. काढायची चित्रे कमी झाली की यंत्र भरभर चाले. निशिकादोंनी ती तशीच ठेवली आणि तीच खेळाची गंमत झाली. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये कितीही कसबी खेळाडू असला तरी २५६ व्या फेरीला अर्धा पडदा अगम्य अक्षरांनी भरून जातो आणि पुढची वाट खुंटते. तिथवर आमच्यापैकी कुणी पोचले नाही. पण हरणे ठरलेले आहे आणि हरल्यावर बाजूला व्हायचे आहे, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. मुलाचे हित आणि दुकानदाराचा नफा या एकाच मुद्द्यावर जुळत होते : डाव संपला पाहिजे.

आज मोबाइलवर मागे कुणी उभे नाही. प्रत्येकाच्या हाती स्वतःची पेटी. तेव्हा कंपनीचा फायदा आता डाव न संपण्यात आहे. खेळ फुकट मिळतो, पण रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकलात तर ते बुडाले. तीन महिन्यांचा 'सीझन' संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. आत काय निघेल ते ठाऊक नसलेली बंद पेटी पैसे देऊन उघडायची. २०१८ साली बेल्जियमने अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळासाठी आठवड्याला तीनच तास नेमून दिले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलेच झाले. पण मुलाचा पैसा काढून घेणे वेगळे आणि मुलाची संध्याकाळ काढून घेणे वेगळे. दुसऱ्यावर कायदा कुठवर पुरणार?

कुणी म्हणेल, ऑनलाइन खेळातही सोबती असतातच की. मान्य. माझा मुलगा आणि इंदूरचा माझा पुतण्या रोज रात्री मिळून खेळतात आणि कानाला यंत्र लावून अस्सल मराठीत एकमेकांना शिव्या घालतात. फोनवर 'कसा आहेस' याच्यापुढे न गेलेली ही भावंडे खेळामुळे जवळ आली, हे मी नाकारणार नाही. पण साडेअकरा वाजता दोघांनाही थांबवत नाही. 'सर बाजूला' म्हणणारा तिसरा तिथे नसतो.

आणि आता आभासी वास्तवाचा चष्मा. हेही काल उपजलेले नाही. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचे असे यंत्र केले. ते इतके जड, की छताला टांगावे लागे. १९९५ साली निन्टेन्डोने 'व्हर्च्युअल बॉय' आणला. त्यात सारे जग लाल आणि काळे. वर्षभरात तो गुंडाळावा लागला. आज मात्र यामागे फार मोठा पैसा आहे. २०१४ साली फेसबुकने ऑक्युलस ही चष्म्याची कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली. माणसाच्या नजरेवर जाहिराती विकून मोठ्या झालेल्या कंपनीला नजरेसमोरची जागा पूर्णच हवीशी का वाटावी, हे समजायला फार हुशारी लागत नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा विमान चालवण्याच्या सरावाला हे यंत्र उपयोगी पडते, त्याबद्दल वाद नाही. वाद बैठकीच्या खोलीचा आहे.

पुण्यातल्या एका मॉलमध्ये मुलाने तो चष्मा घातला. तो हवेत हात मारत होता, हसत होता, दचकत होता. माझी आई शेजारी उभी. ती म्हणाली, ''आत काय दिसतंय रे त्याला?'' मला सांगता येईना. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हीच माझी आई मला कान धरून न्यायला त्या गाळ्यात आली होती, आणि नेण्याआधी दोन मिनिटे उभी राहून तिने माझा डाव पाहिला होता. त्या दिवशी तिला नातवाचा डाव पाहता आला नाही.

वाचकहो, म्हणून माझी तक्रार खेळाविरुद्ध नाही आणि मुलांविरुद्ध तर मुळीच नाही. घरात खेळ येऊ द्या, पण तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर. ज्याला शेवट आहे असा निवडा. चष्मा आणलाच, तर त्यातले चित्र टीव्हीवर दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा. आणि स्वतः मागे उभे राहा. विचारा, वाद घाला, आपली पाळी मागा. मराठी वाचायची असेल तर ती त्या मागच्या गलक्यात वाचेल, व्याख्यानातल्या टाळ्यांत नाही.

हे लिहीत असताना आमच्या गल्लीतली पोरे दिवाळीचा किल्ला करीत आहेत. चिखलाने माखलेल्या त्या घोळक्यात माझा मुलगाही आहे. बुरूज कुठे हवा यावरून दोन भाषांत भांडण चालले आहे. दिवाळी सरली की हा किल्ला मोडायचा, हे त्यांतल्या सगळ्यांत धाकट्यालाही ठाऊक आहे. मी लेखणी ठेवून खाली जातो आहे. माझी पाळी लागते का पाहतो.