विश्लेषण : ‘प्रिसिला’चं कौतुक ३० वर्षांनीही का होतं?

ब्रिटिश अभिनेते टेरेन्स स्टॅम्प यांचं ऑगस्ट २०२५ मध्ये ८७व्या वर्षी निधन झालं आणि १९९४ चा एक ऑस्ट्रेलियन विनोदपट पुन्हा चर्चेत आला, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’.

दोन ड्रॅग कलाकार आणि बर्नाडेट ही पारलिंगी स्त्री ‘प्रिसिला’ नावाच्या बसमधून सिडनीहून वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्जला कार्यक्रमासाठी निघतात. गोष्ट एवढीच. मग समीक्षक का भाळले?

तो एड्सच्या धास्तीचा काळ होता. टास्मानियात तर समलैंगिक संबंध १९९७ पर्यंत गुन्हाच होता. पडद्यावर अशी पात्रं एकतर रडायची, मरायची किंवा टिंगलीचा विषय व्हायची. इथे टोमणे मारतात तीच. वाटेत कुणीतरी बसवर एड्सवरून शिवी रंगवतं, तेव्हा क्षणभर हसू थांबतं; पण प्रवास थांबत नाही. बर्नाडेटचा थकवा आणि तोरा स्टॅम्प यांनी जराही आक्रस्ताळेपणा न करता दाखवला. वेशभूषेसाठी ऑस्करही मिळालं (त्यात चक्क चपलांचा ड्रेस होता!).

पण सगळंच कौतुकास्पद नाही. सिंथिया या फिलिपिनो बायकोचं पात्र निव्वळ चेष्टेसाठी आहे. टिंगल सोसलेल्यांच्या सिनेमाने दुसऱ्या उपेक्षितांची टिंगल करावी, हे आज जास्त खटकतं. पारलिंगी स्त्रीची भूमिका पुरुष नटाकडे का, हा प्रश्नही आहेच.

दिग्दर्शक स्टीफन एलियट यांनी २०२४ मध्ये मूळ त्रिकुटासह पुढच्या भागाची घोषणा केली होती. आता त्या त्रिकुटातली बर्नाडेट नाही.