‘वॉर्निंग’ म्हणजे नियम नव्हे

टीम वाढली, प्रोजेक्ट दोनाचे पाच झाले की कुणीतरी सुचवतं, ईएसलिंटचे नियम सगळीकडे सारखे करूया. मग एका प्रोजेक्टची कॉन्फिग फाइल उचलून बाकीच्यांत चिकटवली जाते. पुढे जो तो आपल्या प्रतीत सोयीचे बदल करतो आणि सामाईक असं काही उरत नाही. त्यापेक्षा नियमांचं वेगळं पॅकेज करावं, त्याला व्हर्जन द्यावं आणि प्रत्येक प्रोजेक्टनं ते इन्स्टॉल करावं. निकोलस झकास यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट सुरू केलं तेच मुळी नियम हवे तसे जोडता-काढता यावेत म्हणून. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटमध्ये तेवढी मोकळीक नव्हती.

पॅकेज करणं सोपं, त्यात काय ठेवायचं हे ठरवणं अवघड. माझं मत ठाम आहे: नियम ‘एरर’ तरी असावा, नाहीतर नसावाच. टर्मिनलवर शेकडो वॉर्निंग्ज वाहत असतील, तर आज वाढलेली एक कुणाला दिसणार?

आणि ती एक कशाची असू शकते? ऑर्डर सेव्ह करणारं फंक्शन बोलावताना ‘अवेट’ लिहायचं राहून गेलं. लोकल मशीनवर सगळं सुरळीत चालतं, टेस्टही पास होते. प्रॉडक्शनवर एक दिवस डेटाबेस नकार देतो, ती एरर कुणी पकडत नाही, आणि ग्राहकाला मात्र ‘ऑर्डर नोंदवली’ असं दिसतं. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा ‘नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस’ नेमकी हीच ओळ पकडतो. त्याला टाइपची माहिती लागते, त्यामुळे लिंट रेंगाळतं. रेंगाळू द्या.

सेमिकोलन, कोट एकेरी की दुहेरी, यावर रिव्ह्यूत माणसांनी भांडू नये. ते काम प्रेटियरचं. ईएसलिंटनंही २०२३ मध्ये मांडणीचे नियम निवृत्त केले.

जुन्या प्रोजेक्टला कडक नियम लावले की एररचा ढीग पडतो, आणि ‘वॉर्न’ची पळवाट तिथूनच सुरू होते. त्याऐवजी जुन्या चुकांची नोंद करून त्या तेवढ्या बाजूला ठेवा. २०२५ पासून ईएसलिंटमध्येच तशी सोय आहे. नव्या कोडला मात्र सवलत नाही. कुणाला ‘ईएसलिंट-डिसेबल’ लिहायचंच असेल, तर शेजारी कारण लिहायला लावा. एकाच नियमाखाली तीच तीच कारणं दिसू लागली, तर पॅकेजच्या रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्ट टाकून नियम बदला, मग ती काल रुजू झालेल्या ज्युनियरची असली तरी.