पाणी हिरवं होण्याची वाट पाहू नका

लोणावळा, कर्जत, अलिबाग, मुळशी या पट्ट्यात आता बंगला म्हटला की पोहण्याचा तलाव हवाच, असं झालं आहे. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, सोमवारी फाटक बंद होतं आणि तलावाकडे पुन्हा लक्ष जातं ते शुक्रवारी. पाणी हिरवट दिसलं की बंगल्यावर राहणाऱ्या दादांना फोन जातो, "जरा पावडर टाका." ते बिचारे अंदाजाने दोन-चार ओंजळी टाकतात. अशा सगळ्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा प्रकार थांबवा. पाणी हिरवं दिसायला लागतं, तोवर त्यातला क्लोरीन बहुधा कधीच संपलेला असतो.

बहुतेकांना शेवाळ म्हणजे दिसायला वाईट, एवढंच वाटतं. पण जिथे शेवाळाला मोकळं रान मिळतं, तिथे जंतूंनाही मिळतं. कान फुटणं, डोळे येणं, जुलाब होणं हे तर नेहमीचं. केरळात २०२४ मध्ये मेंदूच्या ज्या आजाराने लहान मुलं दगावली, तो करणारे अमीबा कोमट, गोड्या पाण्यात वाढतात आणि नाकावाटे शरीरात शिरतात. हा आजार फार क्वचित होतो. पण झाला की वाचणारे थोडे. पाण्यात पुरेसा क्लोरीन राखणं हा त्यावरचा साधा बंदोबस्त आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

त्यासाठी दोन गोष्टी रोज मोजायच्या, मोकळा क्लोरीन आणि सामू, म्हणजे पीएच. तपासणीचा संच महाग नसतो. काठावरचं वरवरचं पाणी घेऊ नका. हात कोपरापर्यंत बुडवा आणि फिल्टरचं पाणी जिथून तलावात येतं त्या तोंडापासून लांब नळी भरा. थेंब टाकून हलवा आणि रंग पांढऱ्या कागदापुढे धरून तक्त्याशी ताडून बघा. पिवळा रंग देणारे स्वस्त थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, त्यात घाम-लघवीशी बांधला जाऊन निकामी झालेलाही धरलेला असतो. म्हणून गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्या. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवा. गोळ्या वापरत असाल तर २ च्या खाली जाऊच देऊ नका. आणि तलावाजवळ 'क्लोरीनचा' उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झाला असं समजू नका. तो वास बहुधा त्या बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाच असतो.

सामू ७.२ ते ७.६ हवा, आणि इथेच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनपैकी जंतू आणि शेवाळ मारणारा जोमदार भाग सामू ७.५ असताना साधारण निम्मा असतो. सामू ८ वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे पावडर तेवढीच, खर्च तेवढाच, काम मात्र निम्मं. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड आणि क्षारयुक्त. त्यात कारंजं किंवा धबधबा चालू असेल, नवीन गिलावा असेल, तर सामू वरच सरकत राहतो. तो अ‍ॅसिडने थोडा थोडा उतरवा, एकदम नको. उलट टँकरचं किंवा पावसाचं मऊ पाणी असेल आणि सामू आज खाली, उद्या वर असा उड्या मारत असेल, तर क्षारता कमी आहे. साधा खायचा सोडा टाकून ती ८० ते १२० पीपीएमवर आणली की सामू जागेवर बसतो.

आता पावडर किती, ते गणित एकदाच करून पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असेल, तर पाणी ३८,४०० लिटर. हजार लिटरला १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. बाजारातल्या तलावाच्या दाणेदार पावडरीत सुमारे ६५ टक्के क्लोरीन असतो. म्हणजे १ पीपीएम वाढवायला साधारण ६० ग्रॅम लागतील. साध्या ब्लीचिंग पावडरीत याच्या जेमतेम निम्मा जोर असतो, तिच्यातल्या चुन्याने पाणी गढूळ होतं, आणि उघडी गोणी दमट हवेत झपाट्याने निकामी होते. क्लोरीन संध्याकाळी टाका. संरक्षक द्रव्य नसेल तर कडक ऊन तो दोन-तीन तासांत खाऊन टाकतं.

ते संरक्षक द्रव्य म्हणजे सायन्युरिक आम्ल. तरंगत्या गोळ्यांत ते असतंच. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते उपयोगी. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे उरतं. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेला की सुमारे ६ पीपीएम हे साचतं. वर्षभर गोळ्यांवरच चाललेल्या तलावात संच भरपूर क्लोरीन दाखवतो आणि पाणी तरी हिरवंच राहतं, त्याचं कारण बहुधा हेच. त्यावर औषध नाही, काही पाणी बदलावं लागतं. मात्र पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नका. जमिनीत पाणी चढलेलं असेल तर खालच्या दाबाने तळ उचलला जातो, टाकीला तडे जातात.

हिरवं झालंच, तर आधी घासा. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, दिव्यांच्या कडेला बुळबुळीत थर असतो, तो ब्रशने सुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. सामू ७.२ वर आणा, वरच्या मापाच्या तलावात सुमारे ६०० ग्रॅम दाणेदार पावडर बादलीभर पाण्यात विरघळवून चहूकडे फिरवा, आणि फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. दाब नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वाढला की बॅकवॉश करा. ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. सकाळी मोजा, कमी पडलं तर पुन्हा टाका. क्लोरीन ३ वर उतरेपर्यंत पोहणं बंद. मोरचूद शेवाळ मारतं खरं, पण तांब्याचे डाग पडतात आणि पांढरे केस हिरवट होतात. मी ते टाळायलाच सांगेन.

पारदर्शक पाणी पावडर पडताच तांबूस किंवा हिरवं झालं, तर ते शेवाळ नव्हे, बोअरच्या पाण्यातलं लोह किंवा मँगनीज आहे. तलाव भरण्याआधी पांढऱ्या बादलीत ते पाणी घेऊन चिमूटभर पावडर टाकून पाहा, लगेच कळेल.

शेवटची विनंती त्या दादांसाठी. पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दाणेदार पावडर आणि गोळ्या एकाच डब्यात गेल्या तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो. मापंसुद्धा वेगळी ठेवा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. त्यांना चष्मा, हातमोजे घेऊन द्या आणि शेजारी उभं राहून एकदा सगळं करून दाखवा. आणि एक अधिकारही द्या. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर पाहुण्यांनी कितीही पैसे भरलेले असोत, तलाव बंद ठेवायचा. अशा पाण्यात बुडणारं मूल कुणाला दिसत नाही.