प्रवासाची शिदोरी : फिजीला जाताना

हज-उमरा आणि आखाती देशांपलीकडे फिरायला जाणारी आपली कुटुंबे आता वाढली आहेत. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजीबद्दल घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो: तिथे नमाज आणि हलाल जेवणाचे काय?

काळजी नसावी. 1879 ते 1916 या काळात ऊसमळ्यांसाठी साठ हजारांहून अधिक हिंदी मजूर करारावर तिथे नेले गेले. त्यांत मुसलमानही होते. त्यांच्या वंशजांच्या मशिदी सुवा, लौटोका, नांदी या शहरांत आहेत. पैगंबरजयंतीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यांची फिजी हिंदी आपल्या आजीलाही कळेल. मक्का मुंबईहून जशी पश्चिमेला किंचित उत्तरेकडे, जवळपास तशीच फिजीहूनही; तरी होकायंत्र जवळ ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते, म्हणून नमाजच्या वेळा तिथल्याच धरा. कसरचे नियम हनफी आणि शाफई घरांत वेगळे आहेत. किती दिवस मुक्काम आहे ते सांगून निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारा.

कागदपत्रे : भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पोहोचल्यावर चार महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी आणि परतीचे तिकीट हातात हवे. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे जाणे सोयीचे. ऑस्ट्रेलियामार्गे गेल्यास तिथला ट्रान्झिट व्हिसा वेगळा काढावा लागतो. स्वस्त तिकीट पाहून भुलू नका. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करा.

सामान : इथे अम्मींना आवरावे लागेल! सुकट, बोंबील, तूप, लोणचे, मिठाई, फळे, बियाणे यांबाबत फिजीचे नियम फार कडक आहेत. बेटांवरची शेती रोगांपासून वाचवायची असते. जे नेाल ते फॉर्मवर खरे लिहा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेलीला दंड होतो. खोटे बोलून वाचवलेला डबा आपल्याला शोभतही नाही. तिथल्या सॉकेटला तिरप्या पट्ट्यांची पिन लागते, तिचा अडॅप्टर घ्या.

जेवण : शहरांत रोटी, डाळ, करी सहज मिळते. हॉटेलात मात्र मांस हलाल आहे का, हे स्पष्ट विचारा. 'लोवो' म्हणजे जमिनीतल्या भट्टीत शिजवलेले जेवण; त्यात डुकराचे मांस इतर पदार्थांसोबतच शिजवलेले असू शकते. लिंबाचा रस आणि नारळाच्या दुधातली मासळी, 'कोकोंडा', चांगला पर्याय आहे. खेकडा, कालवे यांबाबत हनफी घरांनी आपला मसला लक्षात ठेवावा.

गावभेट : खेड्यात पाहुण्याने प्रमुखाला 'यांगोना' नावाच्या झाडाची मुळी भेट देण्याची रीत आहे. तिचे पेय, म्हणजे कावा, दारू नसले तरी गुंगी आणते. हात छातीवर ठेवून नम्रपणे नको म्हणा. कारण सांगितले की यजमान सहसा राग धरत नाहीत. गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, टोपी आणि गॉगल काढावा, कुणाच्या डोक्याला हात लावू नये. यातले पोशाखाचे नियम आपल्या मायबहिणींना नवे नाहीत. पुरुषांनी मात्र हाफ पँट हॉटेलातच ठेवावी.

हवामान आणि तब्येत : मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सुखद काळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. शाळेच्या सुट्टीपायी डिसेंबर निवडत असाल तर प्रवासविमा घ्याच. डेंग्यू असतो, म्हणून डासांचे मलम आणि लांब बाह्या हव्यात. पोवळ्याने झालेली जखम लगेच स्वच्छ धुवा, ती लवकर चिघळते. लहान मुलांना समुद्रात एकटे सोडू नका. काठावरचे शांत पाणी खडकांच्या फटीपाशी जोरात आत ओढते.

जुम्मा जवळच्या मशिदीत अदा करा. सलामच्या ओळखीवर इन्शाअल्लाह हलाल दुकानाचा पत्ताही तिथेच मिळेल. आणि रस्त्यात कुणी 'बुला' म्हटले, तर हसून 'बुला' म्हणा. तो तिथला नमस्कार आहे.