प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

इंदापूर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील अनेक मेंढपाळ कुटुंबे पावसाळा सरला की चाऱ्यामागे वाडा, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, घेऊन निघतात. निरवांगीसारख्या गावात मागे राहिलेल्या मुलीच्या कॉलेजचे मग काय? मेंढपाळ समाजाला मिळणारे भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गाचे ३.५ टक्के आरक्षण प्रवेश देते. खोली आणि दोन वेळचे जेवण देत नाही. शिक्षण सुटते ते इथेच. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात आणि भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृहे काढली, ती हीच अडचण ओळखून. आजही मेंढपाळांच्या मुलांसाठी वसतिगृहात जागा राखायला हव्यात. एकाच समाजाला झुकते माप कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो ऐकून घ्यायला हवा. म्हणूनच निकष जातीचा नको, स्थलांतराचा ठेवावा; ऊसतोड कामगारांची मुलेही त्यात येतील. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांनी येत्या प्रवेशांपूर्वीच वसतिगृहात अशा जागा राखून ठेवाव्यात.